पडदा नसलेल्या संगणकाला वायफायचा पासवर्ड कसा सांगायचा?

रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू हा संगणक ६५ मिलिमीटर लांब, ३० मिलिमीटर रुंद आणि वजनाला जेमतेम ९ ग्रॅम आहे. तरी तो पुरता संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते, पायथनमधले प्रोग्रॅम चालतात, वायफाय आणि ब्लूटूथ अंगचेच आहे. पडदा, कीबोर्ड आणि माऊस मात्र त्याच्यासोबत येत नाहीत. एचडीएमआयची छोटी खाच आहे, तिच्यातून पडदा जोडता येतो. पण ज्या कामांसाठी लोक हा संगणक घेतात तिथे पडदा ठेवायला जागाही नसते आणि त्याची गरजही नसते. गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी मोजणे, गोठ्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साठवणे, शाळेच्या आवारातले तापमान टिपणे अशी ही कामे. एकदा लावून दिले की त्याने महिनोन्महिने आपले काम करत राहायचे. अशा संगणकाला हेडलेस म्हणतात.

अडचण पहिल्याच दिवशी येते. संगणकाला वायफायचा पासवर्ड सांगायचा, तर त्याच्याशी काहीतरी संपर्क हवा. संपर्क व्हायचा तर तो घरच्या नेटवर्कमध्ये यायला हवा. आणि नेटवर्कमध्ये यायला पासवर्ड हवा. या पेचातून सुटण्याचे चार-पाच मार्ग आहेत. त्यांतला सर्वांत चांगला मार्ग, माझ्या मते, एकच: ओळखीचे वायफाय सापडत नाही तोवर त्या संगणकाने स्वतःच वायफाय व्हायचे. म्हणजे ॲक्सेस पॉइंट व्हायचे. तुमच्या मोबाइलवर त्याचे नाव दिसते, तुम्ही त्याला जोडता, एक पान उघडते, त्यात घरच्या वायफायचे नाव निवडून पासवर्ड टाकता आणि तो संगणक आपले वायफाय बंद करून तुमच्या घरच्या वायफायला जाऊन मिळतो.

घरात स्मार्ट बल्ब किंवा स्मार्ट प्लग बसवला असेल, तर हे तुम्ही बहुधा केलेलेही आहे. २०१३ साली आलेला गुगलचा पहिला क्रोमकास्ट असाच सुरू करावा लागे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी ८२६६ ही चिप २०१४पासून असंख्य स्वस्त उपकरणांत बसली आणि तिच्यामुळे ही पद्धत घरोघर पोचली. पण विकत आणलेल्या प्लगमध्ये आत काय चालले आहे ते दिसत नाही. रास्पबेरी पायवर तेच सारे आपल्याला स्वतः मांडता येते. त्यामुळे कुठे काय बिघडू शकते तेही समजते.

आधी जुन्या वाटा पाहू. पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ला विक्रीला आला, तेव्हा त्यावर वायफाय नव्हतेच. केबल लावायची किंवा यूएसबीच्या खाचेत वायफायचे डोंगल खुपसायचे. अंगचे वायफाय आले ते बरोबर चार वर्षांनी, २९ फेब्रुवारी २०१६च्या पाय ३मध्ये. झीरो डब्ल्यू फेब्रुवारी २०१७मधला. त्यानंतर कित्येक वर्षे पडद्याविना काम करणारे लोक एक युक्ती वापरत. मेमरी कार्ड लॅपटॉपला लावायचे, त्यातल्या बूट नावाच्या भागात वायफायचे नाव आणि पासवर्ड लिहिलेली एक मजकुराची फाइल ठेवायची, कार्ड परत पायमध्ये घालायचे. पाय सुरू होताना ती फाइल उचलून योग्य जागी ठेवत असे. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या, पायवरच्या लिनक्सच्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पायने वायफायचा कारभार नेटवर्क मॅनेजर या प्रोग्रॅमकडे दिला आणि ही युक्ती चालेनाशी झाली. जुन्या मार्गदर्शिकांत ती अजून छापलेली आहे. ती वाचून फाइल ठेवणारे आणि हिरव्या दिव्याकडे बघत बसणारे लोक आजही भेटतात. आता कार्ड तयार करतानाच, रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्ये, वायफायचे नाव, पासवर्ड आणि वापरकर्त्याचे नाव भरून टाकता येते. स्वतःच्या घरी, स्वतःच्या टेबलावर वापरायचा असेल तर तेवढे पुरते.

पण समजा पुण्यात राहणारी मुलगी सांगली जिल्ह्यातल्या आपल्या घरासाठी टाकीची पातळी मोजणारा पाय तयार करते आहे. पार्सल गावी जाणार. गावच्या वायफायचा पासवर्ड आज जो आहे तो पुढच्या महिन्यात असेल याची खात्री नाही, कारण इंटरनेट देणारा बदलला की राउटर बदलतो, आणि राउटर बदलला की नाव-पासवर्ड दोन्ही बदलतात. दर वेळी गच्चीवर चढून डबी उघडायची, नखाएवढे कार्ड काढायचे आणि ते लॅपटॉपला लावायचे, हे तिच्या आईने कसे करावे? इथे ॲक्सेस पॉइंटला पर्याय नाही. जो माणूस ते उपकरण वापरतो, त्याला ते आपल्या हाताने, आपल्या मोबाइलवरून, कुणाला न बोलावता परत जोडता आले पाहिजे. हे जमत नसेल तर उपकरण त्याच्या घरात असूनही दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात राहते.

आता आत काय घडते ते बघू. ॲक्सेस पॉइंट झालेला पाय आपले नाव हवेत सतत सांगत असतो. वायफायच्या भाषेत या संदेशाला बीकन म्हणतात. सर्वसाधारणपणे तो दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा वेळा निघतो. मोबाइलवर वायफायची यादी उघडली की जी नावे दिसतात ती या बीकनांतून मोबाइलने गोळा केलेली असतात. नावाला मर्यादा आहे ३२ बाइटची. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटचे, म्हणून ३२ अक्षरे बसतात. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्हसुद्धा प्रत्येकी तीन बाइट खाते. ‘टाकी’ हे नाव १२ बाइटचे, ते निवांत बसते. ‘वाचनालय’ २१ बाइटचे, तेही बसते. ‘ग्रामपंचायत वाचनालय’ ५५ बाइटवर जाते आणि बसत नाही. मराठी नाव द्यावेच, आईला यादीत ते चटकन सापडते. फक्त ते छोटे असावे.

लिनक्सवर ॲक्सेस पॉइंट होण्याचे काम पूर्वी दोन वेगळे प्रोग्रॅम जोडून करावे लागे. यौनी मालिनेन यांचा होस्टएपीडी हा रेडिओ सांभाळायचा, आणि सायमन केली यांचा डीएनएसमास्क हा आलेल्यांना पत्ते वाटायचा. दोन्हींच्या फाइली हाताने लिहायच्या, त्यात एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे ठप्प. आता नेटवर्क मॅनेजरला एकाच आज्ञेत हॉटस्पॉट सुरू करायला सांगता येते. पत्ते वाटायला तो डीएनएसमास्कच हाताशी धरतो, पण ती मांडामांड त्याची तो करतो. अशा हॉटस्पॉटमध्ये पाय स्वतः १०.४२.०.१ हा पत्ता घेतो आणि जोडलेल्या मोबाइलला त्याच मालिकेतला पुढचा एखादा पत्ता देतो. ईएसपी चिपच्या उपकरणांत हाच पत्ता १९२.१६८.४.१ असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, पुढे त्यांची गरज पडते.

त्याआधी देशाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सर्वांत जास्त विसरली जाते. कुठल्या चॅनेलवर किती शक्तीने बोलायचे याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा भाग २०१८ साली. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झमध्ये १ ते १३ चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत सर्वसाधारणपणे ११पर्यंतच. पायच्या सेटिंगमध्ये देश अमेरिका राहिला आणि घरचा राउटर १३व्या चॅनेलवर बसला, तर पायच्या दृष्टीने ते वायफाय अस्तित्वातच नाही. मोबाइलला दिसते, पायला दिसत नाही, आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. शिवाय पायच्या अनेक मॉडेल्सवर देश सांगितल्याशिवाय वायफाय बंदच ठेवलेले असते. तेव्हा इमेजरमध्ये कार्ड तयार करतानाच देश भारत निवडावा.

तसाच दुसरा घोटाळा ५ गिगाहर्ट्झचा. पाय ३ (बी), झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येते. मार्च २०१८चा पाय ३ बी प्लस, पाय ४ आणि पाय ५ यांना दोन्ही पट्टे कळतात. राउटरवर एकाच घराची दोन नावे असतात, त्यातल्या एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेले असते. त्याचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही, ती ५ गिगाहर्ट्झची खूण आहे. झीरोसाठी दुसरे, साधे नाव निवडायचे.

आता त्या पानाकडे वळू. मोबाइल पायच्या वायफायला जोडला की पान आपोआप उघडावे असे सगळ्यांना वाटते. रेल्वे स्थानकावर ते तसेच उघडते. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलने मोफत वायफाय सुरू केले, तेव्हापासून मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे ते पान आपल्या सवयीचे झाले आहे. त्याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. त्यामागची यंत्रणा अशी. कुठल्याही वायफायला जोडल्याबरोबर मोबाइल गुपचूप एक परीक्षा घेतो. अँड्रॉइड गुगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर विचारणा करतो आणि २०४ क्रमांकाचे, आत काहीही नसलेले उत्तर यावे अशी अपेक्षा करतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर जातो आणि तिथे ‘सक्सेस’ हा शब्द शोधतो. हवे ते उत्तर आले तर इंटरनेट आहे. भलतेच पान आले तर मधे कुणीतरी अडवते आहे, म्हणून मोबाइल ते पान वापरणाऱ्यासमोर उघडतो.

पायला इंटरनेट नसते, तेव्हा त्याने काय करायचे? नावावरून पत्ता सांगण्याचे काम, म्हणजे डीएनएस, त्याच्याच हातात असते. म्हणून तो कुठल्याही नावाला स्वतःचाच पत्ता सांगतो. गावात नवख्या माणसाने कुणाचेही घर विचारले आणि पारावरच्याने दर वेळी एकाच दाराकडे बोट दाखवले, तसे. मोबाइलची परीक्षेची विचारणा त्यामुळे पायच्याच दारात येते, पाय आपले पान दाखवतो आणि मोबाइल ते उघडतो. हे सगळे साध्या एचटीटीपीवर चालते. एचटीटीपीएसच्या पत्त्याला असे वळवता येत नाही, ब्राउझर धोक्याची सूचना देतो, आणि ती द्यायलाच हवी.

पान आपोआप उघडले नाही तर पत्ता हाताने टाकायचा, आणि तिथे मोबाइल आडवा येतो. या वायफायवर इंटरनेट नाही हे कळल्यावर तो चुपचाप मोबाइल डेटावर परततो. वरची पट्टी पाहिली तर वायफाय जोडलेले दिसते, पण ब्राउझरची विचारणा सिमकार्डवरून बाहेर जाते. तिथे १०.४२.०.१ नावाचे काही नाही. फोनवरचे संभाषण मग साधारण असे होते:

“आई, वायफायच्या यादीत ‘टाकी’ दिसतंय का?”

“दिसतंय. दाबलं. पण हा म्हणतो इंटरनेट नाही.”

“म्हणू दे. ‘जोडलेलं राहू दे’ असं काहीतरी विचारेल, त्याला हो म्हण. आणि वरून पट्टी खाली ओढून मोबाइल डेटा बंद कर.”

“डेटा बंद केला तर तुझा फोन कट नाही ना होणार?”

“साधा फोन आहे गं, व्हॉट्सॲपवरचा नाही. नाही होणार.”

आईची शंका रास्त आहे. तिच्यामुळेच सांगतो, या कामाच्या वेळी साध्या फोनवर बोलावे.

पान उघडल्यावर त्यात आसपासच्या वायफायची यादी हवी. आईने नाव टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडणे केव्हाही बरे. वायफायची चावी पासवर्ड आणि नाव या दोन्हींपासून मिळून बनते. डब्ल्यूपीए २ या वायफायच्या सुरक्षापद्धतीत नाव मिसळून पासवर्डवर ४,०९६ वेळा गणित केले जाते आणि २५६ बिटांची चावी तयार होते. म्हणजे नावातले एक लहान अक्षर मोठे झाले, तरी पासवर्ड बरोबर असून दार उघडत नाही. पण ही यादी पायने केव्हा बनवायची? तो ॲक्सेस पॉइंट असताना त्याचा एकुलता एक रेडिओ एका चॅनेलवर बांधलेला असतो. इतर चॅनेल ऐकायला गेला तर तेवढा वेळ मोबाइलला उत्तर देता येत नाही. म्हणून शहाणे प्रोग्रॅम ॲक्सेस पॉइंट सुरू करण्याच्या आधी एकदा आसपासचे सगळे ऐकून घेतात, यादी जपून ठेवतात आणि मग स्वतःचे वायफाय उभे करतात.

याच एका रेडिओमुळे पुढची, सर्वांत नाजूक पायरी येते. आईने पासवर्ड टाकला, ‘जोडा’ दाबले. आता पासवर्ड बरोबर आहे की नाही हे तपासायला पायला राउटरकडे जावे लागणार. जायचे तर ‘टाकी’ नावाचे वायफाय बंद करावे लागणार. ते बंद झाले की आईच्या मोबाइलवरचे पान मधेच लटकते. म्हणजे ‘झाले’ किंवा ‘चुकले’ हे त्या पानावर सांगता येतच नाही. पायच्या चिपला ॲक्सेस पॉइंट आणि साधा ग्राहक ही दोन्ही रूपे एकाच वेळी धरता येतात, हे खरे. पण दोन्हींचे चॅनेल एकच असावे लागते. राउटर ११वर आणि ‘टाकी’ ६वर असेल तर ‘टाकी’ला उडी मारावी लागते आणि मोबाइल तुटतोच. मी त्यापेक्षा साधी रीत पसंत करतो. ‘जोडा’ दाबण्याच्या आधीच पानावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहावे: आता हे वायफाय बंद होईल. एक मिनिट थांबा. ‘टाकी’ हे नाव पुन्हा दिसले तर पासवर्ड चुकला आहे, परत प्रयत्न करा. दिसले नाही तर काम झाले. आणि पायवरचा हिरवा दिवा, जो एरवी कार्डावरची हालचाल दाखवतो, तो प्रोग्रॅममधून ताब्यात घेता येतो. ॲक्सेस पॉइंट असताना सावकाश लुकलुकणे, घरच्या वायफायला जोडल्यावर स्थिर राहणे, एवढी भाषा पुरते. पडदा नाही म्हणून यंत्राने मुके राहायचे कारण नाही.

हे सगळे स्वतः लिहायला नको असेल तर तयार प्रोग्रॅम आहेत. पायथनमध्ये लिहिलेला कॉमिटप आणि बलेना कंपनीचा, रस्ट भाषेतला वायफाय कनेक्ट. दोन्ही नेटवर्क मॅनेजरच्या मदतीने काम करतात, दोन्ही मुक्त आहेत. पण तयार प्रोग्रॅम घ्या किंवा स्वतः लिहा, एक कसोटी लावून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. ती कसोटी आपल्याकडे रोज लागते: वीज जाते आणि येते.

वीज आली की पाय आणि राउटर एकाच क्षणी सुरू होतात. पाय अर्ध्या-एक मिनिटात उभा राहतो. राउटरला कधी एक, कधी तीन मिनिटे लागतात. पाय ओळखीचे वायफाय शोधतो, ते अजून उठलेलेच नसते. तो ठरल्याप्रमाणे ॲक्सेस पॉइंट होतो आणि कुणीतरी येऊन पासवर्ड सांगेल याची वाट पाहत बसतो. पासवर्ड त्याच्याकडे असतो, राउटर दोन मिनिटांनी जागा होतो, पण पाय आता आपल्याच वायफायमध्ये अडकलेला असतो. टाकी भरून वाहते तरी कुणाला कळत नाही. पुण्याच्या टेबलावर, इन्व्हर्टरच्या विजेवर, हा दोष कधीच दिसत नाही. गावात तो पहिल्याच आठवड्यात दिसतो. काही घरांत तर राउटर इन्व्हर्टरवर नसतो आणि पाय असतो. तिथे वीज गेली की पाय जागाच राहतो, वायफाय तेवढे नाहीसे होते.

यावर उपाय आहे. सुरुवातीला घाई न करता तीन-चार मिनिटे ओळखीचे वायफाय शोधावे. मग ॲक्सेस पॉइंट व्हावे. पाच मिनिटांत कुणीही जोडले नाही, तर ॲक्सेस पॉइंट बंद करून परत ओळखीचे वायफाय शोधावे. नाही सापडले तर पुन्हा ॲक्सेस पॉइंट. हा फेरा अखंड चालू ठेवावा. फक्त एखादा मोबाइल जोडलेला असताना मधेच उठून जाऊ नये, नाहीतर आईचा अर्धा पासवर्ड टाइप होतो आणि पान गायब. जुना पासवर्ड नवा चालल्यावरसुद्धा पुसू नये. नेटवर्क मॅनेजर कितीही वायफायची नावे जपून ठेवतो आणि त्यांना पसंतीक्रम देता येतो. आणखी एक. वायफाय जोडले आहे पण इंटरनेट नाही, अशा वेळी ॲक्सेस पॉइंट होण्यात अर्थ नाही. रस्ता खोदताना फायबर तुटली तर त्यात पासवर्डचा काय दोष? काही प्रोग्रॅम इंटरनेटची तपासणी करून निर्णय घेतात आणि अशा वेळी विनाकारण घरच्या वायफायमधून बाहेर पडतात. घरातल्या घरात टाकीची पातळी बघायला इंटरनेट लागतही नाही.

सुरक्षेचा विचार इथे टाळता येत नाही, कारण आईने त्या पानावर टाकलेला घरचा पासवर्ड मजकुराच्याच रूपात मोबाइलकडून पायकडे जातो. एरवी वायफायला जोडताना पासवर्ड हवेतून जात नाही. तो आपल्याला माहीत आहे एवढेच दोन्ही बाजू चार संदेशांत एकमेकींना पटवून देतात. पायच्या पानावर तसे नाही. ‘टाकी’ला पासवर्डच ठेवला नसेल, तर शेजारच्या गच्चीवर बसून तो ऐकता येतो. म्हणून ॲक्सेस पॉइंटलाही डब्ल्यूपीए २चा पासवर्ड हवा, किमान आठ अक्षरांचा आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा. सगळ्यांना एकच ठेवण्याचा परिणाम २०१६मध्ये साऱ्या जगाने पाहिला. कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर मिराई या प्रोग्रॅमने ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला डाइन या कंपनीवर त्यांचा मारा करून ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रास्पबेरी पायने दुरून प्रवेश देणारी एसएसएच ही सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात केली, आणि एप्रिल २०२२मध्ये ‘पाय’ हे ठरलेले वापरकर्ता-नाव आणि त्याचा सर्वांना ठाऊक असलेला पासवर्डही काढून टाकला. हे दोन्ही निर्णय योग्य होते. नव्याने शिकणाऱ्याला थोडा त्रास झाला, पण तो सोसण्यासारखा आहे.

डबीबद्दल एवढेच सांगतो: ती लोखंडी नको. झीरो डब्ल्यूच्या पाटीवर कडेला एक छोटा त्रिकोणी मोकळा तुकडा दिसतो. तो त्याचा अँटेना. स्वीडनच्या प्रोअँट कंपनीची ही रचना आहे. धातूच्या डबीत तो बहिरा होतो. प्लास्टिकची, पाऊस आत न जाणारी डबी घ्यावी. घड्याळाचाही विचार करावा. पाय ५च्या आधीच्या मॉडेल्सवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही, वेळ इंटरनेटवरून येते. ॲक्सेस पॉइंट असताना पायची वेळ चुकलेली असते, आणि नोंदी त्याच चुकीच्या वेळेने होतात. पासवर्डच्या पानातूनच मोबाइलची वेळ पायला कळवण्याची सोय करता येते, दोन ओळींचे काम आहे.

आता ज्यांच्याकडे असा ॲक्सेस पॉइंट नसलेला पाय आधीच गावी पडून आहे, त्यांच्यासाठी. त्या पायला कुठले तरी जुने वायफाय ठाऊक असतेच. त्याचे नाव आणि पासवर्ड तुम्हाला आठवत असेल, तर आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला अगदी तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षरन् अक्षर तेच. मोबाइलच्या हॉटस्पॉटचा पट्टा २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. पायला वीज द्या. तो आपल्या घरी आलो असे समजून हॉटस्पॉटला जोडतो. मग त्याच हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून एसएसएचने आत जा आणि नवे वायफाय नोंदवा. कार्ड काढावे लागत नाही. पायचा पत्ता हॉटस्पॉटच्या यादीत दिसतो. बहुतेक वेळा त्याच्या नावापुढे डॉट लोकल लावले तरी पुरते, कारण स्थानिक नेटवर्कमध्ये तो स्वतःच्या नावाला स्वतः उत्तर देतो.

कारखान्यांना ॲक्सेस पॉइंटची वाट आता जुनी वाटू लागली आहे. ब्लूटूथवरून पासवर्ड देणारी उपकरणे वाढली आहेत, आणि वायफाय अलायन्सने २०१८ साली क्यूआर कोडवरून जोडण्याची रीत आणली. त्याआधी बटण दाबून किंवा आकडी पिन देऊन जोडणारी डब्ल्यूपीएस पद्धत होती. तिची पिन जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत फोडता येते हे २०११च्या डिसेंबरात उघड झाले आणि तिचा भरवसा गेला. ब्लूटूथची रीत सुटसुटीत आहे, पण तिला बहुतेक वेळा त्या कंपनीचे ॲप लागते. कंपनीने ॲप काढून टाकले की उपकरणही गेले. ॲक्सेस पॉइंटला फक्त ब्राउझर लागतो. तो दहा वर्षांपूर्वीच्या मोबाइलवर आहे, दहा वर्षांनंतरच्या मोबाइलवरही असेल. आपण बनवलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी टिकायची असेल, तर मी हीच वाट निवडेन.

पार्सल गावी पाठवण्याआधी हे करा. पायला घरच्या वायफायवर चालू द्या आणि राउटर बंद करा. काही मिनिटांत ‘टाकी’ हे नाव मोबाइलवर दिसले पाहिजे. राउटर परत सुरू करा, मोबाइलला हात लावू नका. पाय आपला आपण परत आला पाहिजे. मग दोघांचीही वीज एकदम काढून एकदम द्या. शेवटी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा. या चारही परीक्षांत तो पास झाला, तर डबीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर ॲक्सेस पॉइंटचे नाव, त्याचा पासवर्ड आणि १०.४२.०.१ हा पत्ता न पुसणाऱ्या शाईने लिहा. तीच चिठ्ठी आईच्या मोबाइलमध्ये फोटो काढूनही ठेवा.